सेट टॉप बॉक्स घेण्याआधी: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळमध्ये टीव्ही दुरुस्तीचं काम करताना रोज दोन-चार माणसं बॉक्सबद्दल विचारून जातात. काही जण फोन करतात, काही जण बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेट टॉप बॉक्स नेमकं करतो काय?

केबलच्या वायरीतून किंवा डिशवरून येणारा सिग्नल आता डिजिटल असतो, म्हणजे चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात दाबून बसवलेले असतात. पैसे भरून बघायच्या चॅनलना त्यावर कुलूपही असतं. बॉक्स ते कुलूप उघडतो, दाबलेलं चित्र मोकळं करतो आणि टीव्हीला समजेल अशा रूपात पुढे पाठवतो. तुम्ही कुठले चॅनल घेतले आहेत हे बॉक्समधल्या कार्डाला, किंवा कार्ड नसेल तर आतल्या चिपला, माहीत असतं. म्हणून रिचार्ज संपला की टीव्ही ठीक असूनही पडदा कोरा राहतो.

२. पूर्वी केबलची वायर थेट टीव्हीत लावली की सगळं दिसायचं. आता का दिसत नाही?

कायदा बदलला म्हणून. केबल टीव्हीच्या १९९५च्या कायद्यात २०११मध्ये दुरुस्ती झाली आणि केबलचं डिजिटल होणं सक्तीचं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही चार महानगरं होती. आधीची मुदत ३० जून २०१२ होती, ती वाढून ३१ ऑक्टोबर २०१२ झाली. त्या रात्रीनंतर मुंबईत बॉक्स नसलेल्या घरांतले चॅनल गेले. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, पुणे, नाशिक, नागपूर ही शहरं दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३च्या मुदतीत आली. गावाकडच्या भागाची मुदत लांबत लांबत ३१ मार्च २०१७पर्यंत गेली. दक्षिण मुंबईतल्या काही घरांत तर बॉक्स २००७च्या सुरुवातीलाच आला होता, कारण तिथे पे चॅनलसाठी आधीची सक्ती लागू झाली होती.

गच्चीवरच्या सळ्यांच्या अँटेनाचंही तसंच झालं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हापासून लोकांनी तो अँटेना फिरवला. पण दूरदर्शनने आपली जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं २०२२च्या मार्चपर्यंत, मोजकी सोडून, बंद केली. आता त्या सळ्यांसाठी नवी वायर ओढण्यावर पैसे घालवू नका.

३. माझा टीव्ही एलईडी आहे, स्मार्टही आहे. तरी बॉक्स लागेल का?

केबल किंवा कंपनीची डिश असेल तर लागेलच. एलईडी हा पडद्याचा प्रकार आहे. सिग्नलचं कुलूप उघडण्याशी त्याचा काही संबंध नाही. स्मार्ट टीव्ही इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवतो, पण त्यासाठी वायफाय आणि बहुतेक वेळा वेगळी वर्गणी लागते. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप २०२४च्या नोव्हेंबरपासून आहे. त्यावर दूरदर्शनचे चॅनल थेट दिसतात आणि घरात इंटरनेट असेल तर त्याला बॉक्स लागत नाही.

काही टीव्हींमध्ये डिशचा सिग्नल पकडणारा ट्यूनर आतच बसवलेला असतो. अशा टीव्हीवर कुलूप नसलेले चॅनल बॉक्सशिवाय दिसतात, पण गच्चीवर डिश लावावीच लागते. विक्रेता ‘इनबिल्ट’ म्हणाला तर नेमकं काय इनबिल्ट, हे विचारा. बऱ्याचदा त्याला वायफाय म्हणायचं असतं.

४. केबल, कंपनीची डिश आणि फ्री डिश यांतलं काय घेऊ?

हा प्रश्न खरं म्हणजे सगळ्यांनी पहिल्यांदा विचारायला हवा. बहुतेक जण आधी बॉक्स घेतात आणि मग माझ्याकडे येतात. केबल, कंपनीची डिश आणि दूरदर्शनची बिनवर्गणीची फ्री डिश या तिघांचे बॉक्स बाहेरून सारखेच दिसतात, पण केबलचा बॉक्स डिशला चालत नाही आणि डिशचा बॉक्स केबलला चालत नाही. दोन्हीकडे सिग्नल पाठवायची पद्धतच निराळी आहे. म्हणून आधी सिग्नल ठरवा, मग बॉक्स.

केबल कुणी घ्यावी? ज्यांच्या घरातून आग्नेयेचं आकाश दिसत नाही (प्रश्न ६), ज्यांची सोसायटी खिडकीबाहेर डिश लावू देत नाही, आणि ज्यांना बिघाड झाला की कुणीतरी तासाभरात दारात यायला हवं, त्यांनी. चाळीत आणि जुन्या इमारतींत केबलवाला ओळखीचा असतो. आजी एकटी असते आणि रिमोटवरचं चुकीचं बटण दाबून निळा पडदा येतो, तेव्हा ती ओळख लाखमोलाची ठरते. मी स्वतः माझ्या आईच्या घरी याच कारणासाठी केबल ठेवली आहे.

कंपनीची डिश, म्हणजे डीटीएच, घर बदलत राहणाऱ्यांना सोयीची. कंपनी देशभर असते, त्यामुळे डोंबिवलीतून पुण्याला गेलात तरी खातं तेच राहतं.

फ्री डिश त्यांनी घ्यावी, ज्यांना महिन्याचा खर्चच नको आहे, ज्यांना बातम्या, सह्याद्री, जुने चित्रपट आणि थोड्या मालिका पुरतात, किंवा ज्यांचं घर वर्षातून थोडेच दिवस उघडं असतं (प्रश्न १४).

५. फ्री डिश खरंच फुकट असते का?

महिन्याचे पैसे नसतात, हे खरं. डिश, तिच्यापुढचा सिग्नल पकडणारा एलएनबी, वायर आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच होतो, साधारण दोन हजारांच्या आसपास. ही दूरदर्शनची सेवा डिसेंबर २००४मध्ये सुरू झाली आणि सध्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. दर महिन्याला ‘रिन्यूअल’ मागणारा कुणी आला तर एक रुपयाही देऊ नका. फ्री डिशला रिन्यूअल नसतं.

मात्र खासगी चॅनलना तिथली जागा लिलावात मिळते, त्यामुळे यादी बदलते. आज दिसणारी मालिका एप्रिलनंतर दिसेलच असं नाही. १ मार्च २०१९ला काही मोठे मनोरंजन चॅनल एकदम निघून गेले होते आणि २०२०मध्ये परत आले. चॅनल नाहीसा झाला तर आधी बॉक्सवर पुन्हा ‘स्कॅन’ करा. बहुतेक वेळा तो दुसऱ्या क्रमांकावर गेलेला असतो. नवा बॉक्स घेताना एमपीईजी-४, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत, चालणारा घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळी यादी दिसत नाही आणि लोक डिशला दोष देतात.

६. आमच्या इमारतीत डिश चालेल का, हे आधी कसं कळेल?

गच्चीवर किंवा खिडकीत उभे राहा, मोबाइलमधला कंपास उघडा आणि आग्नेयेकडे, म्हणजे दक्षिण आणि पूर्व यांच्या मधोमध बघा. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर येतो, म्हणजे सरळ समोर बघण्यापेक्षा मान बरीच वर करावी लागते. कंपन्यांचे उपग्रह थोडे इकडे-तिकडे असतात, काही दक्षिणेकडे सरकलेले, काही पूर्वेकडे. सगळे त्याच बाजूच्या आकाशात आहेत.

त्या रेषेत टॉवर आला तर डिश चालत नाही. अर्धा पडदा दिसेल, थोडं तरी येईल, असं होत नाही. लालबाग-परळमध्ये जुन्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमुळे किती घरांच्या डिश आंधळ्या झाल्या ते मी पाहिलं आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या, समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटमध्येही खिडकीतून डिश लागत नाही. तिथे गच्ची किंवा केबल हाच मार्ग. पिंपळाचं झाड मध्ये असेल तर पानगळीत कसंबसं चालतं आणि पालवी भरली की जातं.

७. पावसाळ्यात डिश बंद पडते. बॉक्स बदलला तर सुटेल का?

नाही. डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या केयू बँडच्या लहरी जोरदार पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. जुलैतल्या एखाद्या धो धो सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं हा कुठल्याही कंपनीच्या बॉक्सचा दोष नाही. पण रिमझिम पावसातही जात असेल तर डिश किंचित हललेली आहे, किंवा जोडणीच्या पिनमध्ये पाणी शिरलं आहे. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, डिश नीट लावून घ्या आणि पिनांवर वॉटरप्रूफ टेप मारून घ्या. वायर डिशकडून घरात येताना खाली झोळासारखी सोडावी, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून पिनमध्ये न जाता खाली ठिबकतं. वरळी, दादर चौपाटी, वांद्रे इथे खाऱ्या हवेने पिना फार लवकर गंजतात. तिथे दर दोन वर्षांनी बदललेल्या बऱ्या.

केबलला घरापुरता हा त्रास नाही. तिचा त्रास वेगळा: मध्येच सिग्नल वाढवणारा एखादा ॲम्प्लिफायर भिजतो आणि सगळी गल्ली बंद पडते.

८. टीव्ही जुना, डबा आहे. त्याला बॉक्स चालेल का? आणि एचडी बॉक्स घ्यावा का?

चालेल. टीव्हीच्या मागे पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन भोकं असतील तर एव्ही वायरने बॉक्स जोडता येतो. फक्त अँटेनाचं एकच भोक असेल तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लावावी लागते. लॅमिंग्टन रोडला ती मिळते. टीव्ही त्या डबीच्या चॅनलवर एकदा लावून ठेवायचा, पुढे सगळं बॉक्सच्या रिमोटवर.

एचडी बॉक्सचा फायदा तीन गोष्टी जुळल्या तरच होतो: टीव्ही एचडी, जोडणी एचडीएमआय वायरने, आणि घेतलेला चॅनल एचडी. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि एचडी बॉक्सवर साधा चॅनल बघून ‘चित्र तसंच आहे’ म्हणतात. तरी नवा बॉक्स घेतच असाल आणि पुढेमागे टीव्ही बदलायचा असेल तर एचडीच घ्या. त्यावर साधे चॅनल चालतातच. माणसं बुटकी-जाडी दिसत असतील तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये १६:९ आणि ४:३ यांतला योग्य आकार निवडा.

९. बॉक्स विकत घ्यावा की भाड्याने? केबलवाला म्हणतो, ‘बॉक्स आमचाच राहील.’

दोन्ही व्यवहार चालतात. चुकतं ते लेखी नसल्यामुळे. पूर्ण पैसे देऊन घेतला असेल तर बिलावर ‘विक्री’ असं आणि बॉक्सचा क्रमांक लिहून घ्या. अनामत दिली असेल तर किती, आणि परत कधी मिळणार, हेही. जोडणीच्या वेळी जो अर्ज भरून घेतात त्याची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. २०१२च्या घाईत हजारो घरांनी रोख पैसे मोजले आणि हातात चिठ्ठीसुद्धा आली नाही. माझ्या घरीही तेच झालं. पुढे जोडणी बंद केली तेव्हा बॉक्स माणूस येऊन घेऊन गेला आणि अनामत गेली ती गेलीच.

थोडक्या काळासाठी राहणाऱ्या भाडेकरूने भाड्याचा बॉक्स घ्यावा. स्वतःच्या घरात, पाच-सात वर्षं हलायचं नसेल तर विकत घ्या.

१०. महिन्याचे पैसे नक्की कशाचे? दोन शेजाऱ्यांची बिलं वेगळी का येतात?

बिलाचे दोन भाग असतात. एक जोडणीचं शुल्क, म्हणजे वायरीतून सिग्नल आणून देण्याचे पैसे. दुसरा चॅनलचा दर. ट्राय या सरकारी नियामक संस्थेची ही पद्धत १ फेब्रुवारी २०१९पासून आली. तेव्हा १०० चॅनलच्या जोडणीला जास्तीत जास्त १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे घेता येत होते. २०२०मध्ये तेवढ्याच पैशांत २०० चॅनल आले. जुलै २०२४मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढली, त्यामुळे आता शुल्क कंपनीगणिक वेगळं असू शकतं. शेजाऱ्याचं बिल वेगळं येण्याचं हे एक कारण. दुसरं कारण पॅक.

पॅक हा शब्द ऐकून घाबरू नका. चॅनल सुटेसुटे घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. दुपारी आणि रात्री मिळून घरात खरंच काय लागतं ते आठवडाभर कागदावर लिहा. मी अनेक घरांत ही यादी करून पाहिली आहे, बारा-पंधरा चॅनलच्या पुढे ती क्वचित जाते. सुटे दर जोडून बघा आणि पॅकच्या दराशी ताडून बघा. कधी पॅक स्वस्त पडतो, कधी नाही. आईवडिलांच्या बिलात कुणीही न बघणाऱ्या खेळाच्या चॅनलचे पैसे वर्षानुवर्षं जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

११. लॅमिंग्टन रोडवरून चांगला बॉक्स आणला तर तो आमच्या केबलला लागेल का?

लागणार नाही. प्रत्येक कंपनीचं कुलूप वेगळं आहे आणि किल्ली त्यांच्याच बॉक्समध्ये असते. मोबाइलसारखं सिम बदलून कंपनी बदलता यावी, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२०मध्ये केली, पण ग्राहकाच्या हातात अजून ती सोय नाही. बाजारातून सुटा आणण्यासारखा बॉक्स फक्त फ्री डिशचा. तो घेताना भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण बघा आणि पक्कं बिल घ्या.

१२. नातेवाइकांचा जुना बॉक्स किंवा सेकंडहँड बॉक्स घेऊ का?

फ्री डिशचा असेल तर घ्या, फक्त प्रश्न ५मधलं एमपीईजी-४ बघून. कंपनीचा असेल तर तो आधीच्या माणसाच्या नावावर आणि मोबाइलवर नोंदलेला असतो. नाव बदलून मिळेपर्यंत पैसे देऊ नका. भाड्याचा बॉक्स तर विकणाऱ्याचाही नसतो.

जुनी डिश आणि एलएनबी मात्र वाया घालवू नका. त्या तुमच्या मालकीच्या असतील तर बहुतेक वेळा त्याच फिरवून फ्री डिशवर लावता येतात, फक्त बॉक्स नवा लागतो.

१३. घरात दोन टीव्ही आहेत. एका बॉक्सवर भागेल का?

दोन्हीकडे एकच चॅनल चालणार असेल तर भागेल. वेगवेगळे चॅनल हवे असतील तर दोन बॉक्स लागतात. डिश एकच पुरते, पण तिच्यावर दोन तोंडांचा एलएनबी बसवावा लागतो. साधा स्प्लिटर लावून वायर दुभागू नका. बॉक्स चॅनलनुसार एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. दोन बॉक्स एकाच वायरीवर आले की एकाने १३ मागितले आणि दुसऱ्याने १८, तर एकाचे निम्मे चॅनल जातात. ‘बेडरूममध्ये टीव्ही लावला की हॉलमधली मालिका जाते’ ही तक्रार आली की मी आधी स्प्लिटर शोधतो.

१४. गणपतीला गावी जाताना मुंबईचा बॉक्स बरोबर नेऊ का?

केबलचा नेऊन उपयोग नाही. कंपनीच्या डिशचा बॉक्स, गावच्या घरावर त्याच कंपनीची डिश असेल तर, सिग्नल पकडतो. पण जोडणी ज्या पत्त्यावर नोंदली आहे तिथेच वापरायची अट असते, म्हणून आधी कंपनीला कळवा. एका खात्यावरचे दोन बॉक्स दोन घरांत ठेवणंही नियमाबाहेर आहे. दहा दिवस गणपती, आठ दिवस शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी एवढ्यासाठी कोकणातल्या घरावर फ्री डिश लावून ठेवणं सगळ्यात बरं. वर्षभर बंद राहिली तरी तिचं काही देणं लागत नाही. निघताना वायर बॉक्समधून काढून ठेवा. कोकणातली वीज पडली की पहिला बळी बॉक्सचा जातो.

१५. चाळ पुनर्विकासात जाते आहे. बॉक्सचं काय करू?

केबल असेल तर संक्रमण शिबिरात तीच कंपनी आहे का, हे खोल्या सोडण्याआधी विचारा. नसेल तर भाड्याचा बॉक्स परत करून पोच घ्या. डीटीएचला स्थलांतराची विनंती द्या. जुनी डिश काढून नवीन ठिकाणी लावण्याचे पैसे वेगळे पडतात. नव्या टॉवरचा ताबा मिळेल तेव्हा घरोघरी डिश लावू देतीलच असं नाही. अनेक सोसायट्या गच्चीवर सामाईक डिश लावून डक्टमधून वायर देतात, त्यामुळे कुठल्या कंपन्या आहेत हे आधी विचारून मगच नवीन बॉक्स घ्या.

१६. बाजारात एक बॉक्स मिळतो, सगळे पे चॅनल आयुष्यभर फुकट. घेऊ का?

घेऊ नका. ते चॅनल चोरलेले असतात. चोरीची वाट बंद झाली की बॉक्स निकामी होतो आणि विकणारा सापडत नाही. शिवाय असा बॉक्स तुमच्या वायफायवर बसतो, ज्यावर तुम्ही बँकेचे व्यवहारही करता.

१७. भारताचा सामना डीडी स्पोर्ट्सवर आहे म्हणतात, मग आमच्या केबलवर तिथे दुसरंच काही का लागतं?

बॉक्स बिघडलेला नाही. २००७च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये स्पष्ट केलं की असा मिळालेला सामना दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा. म्हणून केबलवर आणि खासगी डिशवर त्या वेळी वेगळा कार्यक्रम येतो. सामना फ्री डिशवर दिसतो, शेजाऱ्याकडे दिसतो आणि तुमच्याकडे नाही, तो यामुळे.

१८. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी अकराच्या सुमारास रोज थोडा वेळ चित्र जातं. आकाश तर स्वच्छ असतं!

त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या लहरींत सिग्नल बुडतो. काही मिनिटांत आपोआप सुटतं आणि आठवड्याभरात प्रकार थांबतो. या कारणासाठी मेकॅनिक बोलावू नका.

१९. केबलवाला ऐकत नाही. तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. गल्लीतल्या केबलवाल्याला सांगणं ही नोंद धरली जात नाही. तिथे सुटलं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. पुढची पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. प्रत्येक पायरीवर विचारलं जातं ते बिल आणि अर्जाची प्रत, म्हणून प्रश्न ९ पुन्हा वाचा.

२०. बॉक्स घेताना टीव्हीही बदलला. जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला देऊ का?

काच फोडून आतलं तांबं काढणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या, किंवा नवा टीव्ही घेतलेल्या दुकानात अदलाबदलीत घेतात का ते विचारा. पण त्याआधी एकदा चालू करून बघा. चित्र ठीक असेल तर वस्तीतल्या बालवाडीला किंवा मंडळाच्या खोलीला तो एव्ही वायरसकट देऊन टाका. असे तीन टीव्ही मी बसवून दिले आहेत आणि तिन्ही चालू आहेत.